सावलीतला पानांचा वाफा: कोल्हापूरच्या मातीत आणि पावसात

घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला तीन फुटी बोळ, परड्यातल्या आंब्याखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, जुन्या वाड्याचा चौक. अशा ठिकाणी लोक गुलाब लावून बघतात, जास्वंद लावून बघतात आणि फूल येत नाही म्हणून शेवटी फरशी घालून मोकळे होतात. खरं तर पानांनीच शोभणारी आणि वर्षानुवर्षं टिकणारी झाडं लावायला कोल्हापूरच्या हवेत याहून चांगली जागा नाही. इथला हिवाळा सौम्य असतो, पावसाळ्यात हवा भरपूर दमट असते आणि बहुतेक जाती नर्सरीत सहज मिळतात.

तरीही ही झाडं मरतात, आणि त्यांना मारतं ते बहुतेक वेळा पाणी. सावलीत माती वाळायला उन्हातल्या मातीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. झाडही पाणी कमी ओढतं. त्यात पंचगंगेकाठची आपली काळी माती पाणी सोडायला तयार नसते. उन्हातल्या झाडांना घालतो तेवढंच पाणी सवयीनं इथेही घातलं जातं आणि मुळं गुदमरतात. म्हणून सावलीतल्या बागेत सगळ्यात जास्त मेहनत मातीवर घ्यायची आणि पाण्याच्या पाइपावर हात आखडता ठेवायचा.

आधी सावली ओळखा

एखाद्या निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्या जागेवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर साधारण एक फुटावर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी आणि कडा ठसठशीत दिसल्या तर ती जागा उन्हाचीच आहे. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर ती उजळ सावली. कागदावर नुसता धूसर डाग दिसला तर मध्यम सावली. काहीच उमटलं नाही तर ती गडद सावली, आणि तिथे तग धरणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. हीच पाहणी सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजताही करा, कारण पश्चिमेच्या उन्हाची तिरीप बारा वाजता दिसत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. कोल्हापुरात सूर्य वर्षभर दक्षिणेकडून जातो असं धरून चालणं महागात पडतं. आपलं गाव सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. शिवाय त्या दिवसांत तो ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो. म्हणजे घराच्या उत्तरेची जी पट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण सावलीत असते, तिलाच मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ थेट ऊन लागतं, आणि तेही वर्षातलं सगळ्यात कडक. डिसेंबरमध्ये दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला साधारण ८ फूट पडते. मेमध्ये तीच जवळजवळ शून्यावर येते. ‘वर्षभर छान होतं आणि मेमध्ये अचानक करपलं’ ही तक्रार बहुधा उत्तरेच्या वाफ्यातूनच येते. तिथे एप्रिलअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची तयारी ठेवा. भिंतीला चार हुक कायमचे ठोकून ठेवले की काम दहा मिनिटांचं.

पूर्वेची बाजू सगळ्यात सोपी. दहा वाजेपर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर सावली, यात जवळपास सगळ्या जाती खुलतात. पश्चिमेला एप्रिलमध्ये दुपारी दोन ते पाच जे ऊन लागतं ते कुठल्याच पातळ पानाला सोसत नाही. तिथे जाड पानांची झाडंच लावा किंवा आधी जाफरी उभी करा. दक्षिणेच्या पडवीला हिवाळ्यात ऊन मिळतं, पण ते सौम्य असतं आणि बहुतेक झाडांना चालतं.

झाडाखालची सावली ही वेगळीच गोष्ट. आंबा, फणस, चिकू यांची अन्न घेणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात. तिथे खड्डे काढले तर जुन्या झाडाला इजा होते, आणि नव्या रोपाला घातलेलं पाणी-खत महिन्याभरात जुनं झाडच पिऊन टाकतं. अशा ठिकाणी १२ ते १४ इंची कुंड्या दोन-दोन विटांवर ठेवा आणि विटा पालापाचोळ्यानं झाका. विटा नसतील तर आंब्याची मुळं तळाच्या भोकातून सरळ कुंडीत शिरतात. बुंध्याभोवती दोन फूट मोकळी जागा सोडा. बुंध्यावर मातीचा ढीग चढवला तर साल कुजते.

मातीचं काम

घराच्या कडेची माती म्हणजे बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो. सिमेंट आणि चुना मिसळलेली माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि नवीन पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशी माती निदान फूटभर खोल उकरून बाहेर काढा. हा कंटाळवाणा दिवस टाळला तर पुढची तीन वर्षं औषधं मारण्यात जातात.

खाली काळी माती असेल तर ती ६ ते ८ इंच कुदळीनं सैल करा, भिंतीकडून बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या आणि त्यावर ८ इंच उंचीचा वाफा भरा. कडेला विटा किंवा बेळगावकडचे दगड, जे मिळेल ते चालतं. फटी सिमेंटनं बुजवू नका, पाणी तिथूनच निघतं. भिंतीला ओल लागू नये म्हणून वाफा आणि भिंत यांच्यात ६ इंचांची फट ठेवून तीत खडी भरा. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवरही खडीचीच पट्टी हवी, नाहीतर जुलैत पागोळ्या माती खोदतात आणि पानांवर चिखल उडवतात.

१० फूट लांब, ३ फूट रुंद आणि ८ इंच उंच वाफ्याला साधारण ५० घमेली मिश्रण लागतं. त्यात २० घमेली तांबडी माती, १० पूर्ण कुजलेलं शेणखत, १० पालापाचोळ्याचं खत, ५ भाताचं तूस आणि ५ जाड वाळू किंवा विटांचे नखाएवढे तुकडे. तांबडी माती पन्हाळा-शाहूवाडीकडची मिळते, तूस आजरा-चंदगड भागातल्या भाताच्या गिरण्यांत. वर २ किलो निंबोळी पेंड मिसळा. भरल्यावर पाणी मारून पंधरा दिवस तसंच राहू द्या. माती खाली बसते, म्हणून आठ-दहा घमेली मिश्रण बाजूला राखून ठेवा.

आपल्या भागात फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या काही गोष्टींपासून जपलं पाहिजे. पहिली फौंड्रीतली वापरलेली काळी वाळू. ट्रॉली भरून सहज मिळते, पण तिच्यात साचा बांधण्यासाठी बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड घातलेली असते. ती भिजली की घट्ट बसते आणि निचरा होण्याऐवजी थांबतो. काही वाळूत रेझिनही असतं. बागेत ती अजिबात नको. दुसरी साखर कारखान्याची ताजी मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ (प्रेसमड). कुजताना ती इतकी तापते की मुळं भाजतात. सहा महिने ढीग लावून थंड झालेली, मातीचा वास येणारी मळी मात्र उत्तम खत आहे. ताजं चिपाडही मातीत मिसळू नका. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. गुऱ्हाळाची राख मूठभर ठीक, घमेल्यानं नको, कारण तिनं माती आणखी अल्कधर्मी होते.

उसाचं पाचट मात्र जरूर वापरा. वीतभर तुकडे करून दोन इंच थर पसरला की ओल टिकते, पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि वर्षभरात त्याचंच खत होतं. फक्त लाकडी चौकटीजवळ आणि भिंतीला चिकटून टाकू नका, वाळवी लागते. झाडाच्या खोडापासूनही दोन इंच लांब ठेवा.

कुंडीसाठी मिश्रण हलकं हवं: २ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग गांडूळखत, १ भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) आणि अर्धा भाग लाकडी कोळशाचे तुकडे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही; वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होते तेव्हाच ते सुटतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा ठेवला की पुरे.

कुठल्या सावलीत काय लावावं

इंटरनेटवर सावलीची बाग शोधली की होस्टाचे निळसर-हिरवे गड्डे पानोपानी दिसतात. ते थंड देशातलं झाड आहे. हिवाळ्यात कित्येक आठवडे जवळजवळ गोठवणारी थंडी मिळाली तरच त्याला पुढच्या वर्षी जोमाचे कोंब येतात. कोल्हापुरातला डिसेंबर त्याला पुरत नाही, त्यामुळे कंद मागवून पैसे घालवू नका. तो भरदार, रुंद पानांचा थाट इथे कॅलेडियम, कॅलाथिया आणि ॲग्लोनेमा यांच्याकडून मिळतो.

गडद सावलीत पहिली निवड ॲस्पिडिस्ट्राची. लांब, गडद हिरवी, जमिनीतून थेट निघणारी पानं. वाढ फार सावकाश, वर्षाला मोजकीच नवी पानं येतात, पण एकेक पान काही वर्षं टिकतं. बोळातल्या वाऱ्याला आणि एखाद्या आठवड्याच्या हेळसांडीला ते दाद देत नाही. जिन्याखाली झेडझेड प्लांट आणि सान्सेव्हेरिया टिकतात, फक्त पाणी फार कमी. गडद हिरव्या-चंदेरी पानांचा ॲग्लोनेमाही इथे चालतो. लाल-गुलाबी जातींना मात्र जास्त उजेड लागतो, नाहीतर नवी पानं मळकट हिरवी येतात.

मध्यम सावलीत सगळ्यात जास्त निवड आहे. कॅलाथिया आणि मरांटा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन झनाडू, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, बर्ड्स नेस्ट फर्न, रिओ. यातली कॅलाथिया हट्टी आहे हे आधीच सांगितलेलं बरं. तिला कोरडी हवा आणि जड पाणी दोन्ही सोसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पानं आतल्या बाजूला सुरळीसारखी वळू लागली तर माती किंवा हवा कोरडी आहे. कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या तर बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातले क्षार कारणीभूत असतात. तिला तळमजल्यावर, हौदाच्या किंवा न्हाणीच्या बाजूला, इतर झाडांच्या घोळक्यात ठेवा. पानांवर दिवसातून दोनदा फवारा मारल्यानं हवेतला दमटपणा काही मिनिटंच वाढतो. पाचटाचा ओलसर थर आणि आजूबाजूची झाडं याहून जास्त उपयोगी पडतात.

उजळ सावलीत कॅलेडियम, कोलियस, रेक्स बिगोनिया, पिवळ्या पट्ट्यांचा अल्पिनिया आणि काळ्या पानांचा शोभेचा अळू. कोलियस नावाला बहुवर्षीय आहे, पण दुसऱ्या वर्षी तो लाकडी आणि उंचाडा होतो. त्यामुळे दर सप्टेंबरला ४ इंची शेंडे खुडून, खालची पानं काढून ओल्या वाळूत लावा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. तुरा दिसला की खुडून टाका. शोभेच्या अळवाबद्दल घरात सगळ्यांना नीट सांगून ठेवा, त्याच्या वड्या करायच्या नाहीत.

आपल्या मातीतल्या झाडांकडे नर्सरीवाले फारसं लक्ष देत नाहीत, पण भुईचाफा जरूर मिळवावा. एप्रिल-मेमध्ये जमिनीतून आधी जांभळट-पांढरी सुवासिक फुलं येतात, पावसाबरोबर पानं उगवतात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळी. पावसाळाभर वाफा भरून टाकतो आणि हिवाळ्यात अदृश्य होतो. जागेवर काडी रोवून ठेवा, नाहीतर जानेवारीत कुदळ कंदावर पडते. विहिरींच्या आणि जुन्या भिंतींच्या फटीत पावसाळ्यात उगवणारा हंसराजही सुंदर दिसतो; उन्हाळ्यात तो वाळतो आणि पुढच्या पावसात परत येतो. ही रोपं नर्सरीतून किंवा ओळखीच्या परड्यातून घ्या. राधानगरी अभयारण्यातून रोप उपटून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तिथल्या जंगलातलं रोप शहरातल्या बोळात क्वचितच जगतं.

रंगांबाबत एकच गोष्ट सांभाळा. सावलीत पांढरा, चंदेरी आणि पोपटी रंग उठून दिसतो. गडद जांभळी पानं दहा फुटांवरून काळा ठिपका होऊन जातात. जांभळं झाड लावायचंच असेल तर त्याच्या मागे पोपटी ठेवा. एकेक नग आणून पंचवीस जाती लावण्यापेक्षा चार-पाच जातींचे घोळके करावेत. वर सांगितलेल्या १० बाय ३ फुटांच्या वाफ्यात मागे २ अल्पिनिया चार फुटांवर आणि त्यांच्यामध्ये १ बर्ड्स नेस्ट, मधल्या ओळीत दीड-दीड फुटावर ४ ॲग्लोनेमा आणि ३ कॅलाथिया, पुढे १० इंचांवर १२ स्पायडर प्लांट. सुरुवातीला विरळ दिसेल. मोकळ्या जागेत पहिल्या वर्षी कोलियसचे शेंडे खोचा.

लागवड

कोल्हापूर शहरात मृगाचे एक-दोन पाऊस पडून गेले की जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. गगनबावडा किंवा राधानगरीकडे हिशेब वेगळा धरावा. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. तिकडे जुलैच्या झडीत नवी रोपं कुजतात, म्हणून एक तर मेअखेरीस पाणी घालून लावा म्हणजे पावसाआधी मुळं धरतील, नाहीतर सरळ सप्टेंबरची वाट पाहा.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच वाफ्यात लावू नका. आठ-दहा दिवस त्याच जागी पिशवीसकट ठेवा. विकत घेताना पिशवी उचलून तळ बघा. पांढरी, टणक मुळं हवीत. तपकिरी, चिकट मुळं आणि आंबूस वास असेल तर पानं कितीही तजेलदार असली तरी ते रोप सोडून द्या.

खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल. पिशवी कापून काढा, मुळं गोल गोल फिरलेली असतील तर खालचा पेंडका बोटांनी सैल करा. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच मातीत गेलं पाहिजे; वाफ्याच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर राहिलं तर उलट चांगलं. सावलीतल्या झाडांची मान मातीत गाडणं हे कुजण्याचं मोठं कारण आहे. माती हातानं दाबा, पायानं नको. एकदा भरपूर पाणी द्या आणि मग वरचा इंचभर थर सुकेपर्यंत थांबा.

डिफेनबाकिया, कॅलेडियम, ॲग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन आणि शोभेचा अळू हाताळताना हातमोजे घाला. यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कातडीला खाज सुटते, आणि पान चावलं गेलं तर जीभ-ओठ सुजतात. घरात रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर ही झाडं वाफ्याच्या मागच्या ओळीत ठेवा, डिफेनबाकिया लावूच नका. चुकून तोंडात गेलं तर तोंड पाण्यानं धुवून दवाखान्यात जा.

पाणी

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. हा नियम वेळापत्रकापेक्षा खरा आहे, तरी अंदाजासाठी सांगायचं तर वाफ्याला एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनी, ऑक्टोबरात चार-पाच दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत सहा ते आठ दिवसांनी पाणी लागतं. उघड्या वाफ्याला पावसाळ्यात बंदच. पण छपराखालच्या कुंड्या लोक विसरतात. बाहेर आठवडाभर झड लागलेली असते आणि पडवीतली कुंडी कोरडी ठणठणीत असते.

पाणी सकाळी द्या, मुळाशी द्या. संध्याकाळी पानांवर मारलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं आणि ठिपके पडतात. कॅलाथिया, मरांटा आणि फर्नला बोअरच्या पाण्याऐवजी पावसाचं साठवलेलं किंवा एसीचं पाणी द्या, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिंपाच्या तोंडाला दाट कापड बांधा आणि कुंड्यांखालच्या बशा रोज ओता, डासांची पैदास तिथेच होते.

कॅलेडियमचं वर्ष

या झाडाला ‘मेलं’ म्हणून दरवर्षी अनेकजण फेकून देतात, म्हणून त्याच्यावर जरा थांबायला हवं. कॅलेडियम कंदातून येतो आणि वर्षातले चार-पाच महिने झोपतो.

एप्रिलअखेरीस रात्री उबदार झाल्या की कंद ५ इंची पिशवीत लावा. डोळे वर आणि वर २ इंच माती. डोळे ओळखू येत नसतील तर आडवा ठेवला तरी कोंब वाट काढतो. मधला जाड डोळा चाकूच्या टोकानं काढला तर बाजूचे डोळे फुटतात आणि पानं आकारानं लहान पण संख्येनं जास्त येतात. कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवा. भिजलेल्या थंड मातीत कंद कोंब येण्याआधीच सडतो. जूनमध्ये वाफ्यात १० ते १२ इंचांवर हलवा. सप्टेंबरपर्यंत पानामागून पान येत राहतं. मध्ये फुलाचा पांढरट-हिरवा कोष आला तर खुडून टाका, तो कंदाचं अन्न खातो.

दिवाळीच्या आसपास पानं मान टाकू लागतात. इथेच घोळ होतो. झाड तहानलं आहे असं वाटून पाणी वाढवलं जातं आणि आत कंद कुजतो. त्याऐवजी पाणी कमी करत बंद करा. पानं हिरवी असताना कापू नका, त्यातलं अन्न कंदात उतरू द्या. पूर्ण सुकली की कंद हलक्या हातानं काढा, माती झटका, आठवडाभर सावलीत वाळवा. मग प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघा. बटाट्यासारखा टणक लागला तर ठेवायचा. एखाद्या जागी अंगठा रुतला तर तेवढा भाग पांढराशुभ्र गर दिसेपर्यंत कापा, कापलेल्या जागी राख लावा आणि आणखी दोन दिवस वाळवा. कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात घालून सुती पिशवीत घरातल्या उबदार, कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवले तर खराब होतात.

काय बिघडतं आणि का

खालची पानं पिवळी, खोड मातीलगत मऊ आणि काळपट, वास आंबूस: मूळकूज. उपटा, मऊ मुळं कापून टाका, खोडाचा टणक भाग उरला असेल तर तो एक दिवस सुकवून कोरडसर मिश्रणात लावा. त्या जागची माती बदला. नव्या शेणखतात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेली असेल तर पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

ऑगस्टमध्ये पानांवर पिवळी कड असलेले तपकिरी ठिपके दिसले तर आधी ती पानं काढून वाफ्याबाहेर न्या आणि दाटी कमी करा. तेवढ्यावर भागलं नाही तरच कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारा, पावसाची उघडीप बघून.

मार्च ते मे लाल कोळ्याचे दिवस, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीचे. पान निस्तेज, बारीक पिवळट टिपक्यांनी भरलेलं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. खाली पडलेले कण चालू लागले की ओळख पटली. तीन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरानं धुवा. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. दोन्हींवर निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण २ मिली लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. फर्नवर हे मारू नका, पाती करपतात.

शंखी गोगलगाय जुलैत एका रात्रीत कोवळा वाफा साफ करते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी झाडांमध्ये अंथरा. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ती बादली वाफ्यात ओतू नका, वाफ्यात मीठही टाकू नका. मीठ मातीतच राहतं. पाऊस नसेल तेव्हा वाफ्याभोवती चार इंच रुंद चुन्याचा पट्टाही चालतो, पण भिजला की निरुपयोगी.

पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडाला मधूनच पूर्ण हिरवा फुटवा आला तर तो मुळाशी कापा. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, त्यामुळे तो फुटवा जोमानं वाढून बाकीच्यांना दडपतो.

खत आणि गड्ड्यांची फोड

सावलीत वाढच मंद, म्हणून खत थोडं. जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेरीस दर झाडाला दोन मुठी गांडूळखत. कुंड्यांना वाढीच्या दिवसांत तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीत आणि कडक मेमध्ये काही नको. जास्त नत्रानं पानं लांबट, लुळी आणि फिकी होतात.

तिसऱ्या वर्षी कॅलाथिया, ॲस्पिडिस्ट्रा, अल्पिनिया आणि बोस्टन फर्न यांचे गड्डे मधून विरळ होतात आणि कडेनं फुटतात. पहिल्या पावसानंतर पूर्ण गड्डा मातीसकट काढा, धारदार सुरीनं असे भाग करा की प्रत्येकात दोन-तीन कोंब आणि स्वतःची मुळं राहतील. ॲस्पिडिस्ट्राच्या भागाला मात्र पाच-सहा पानं ठेवा, नाहीतर तो वर्षभर हलत नाही. कापलेल्या जागी राख लावून सावलीत तासभर सुकू द्या. गड्ड्याचा मधला जुना, लाकडी भाग खतात टाका, कडेचे ताजे भाग इंचभर खोलीवर लावा आणि नवं पान दिसेपर्यंत खत देऊ नका.